चाळीस काडतुसे आणि एक डबी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संकेश्वर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव समितीने या व्याख्यानमालेला 'आमच्या घरातील जुना उद्योग' असा विषय दिला आहे. आमच्या आधीच्या वक्त्यांनी मिरचीची पेठ, गुऱ्हाळे आणि निपाणीकडची तंबाखू यांविषयी माहितीपूर्ण भाषणे केली. आम्ही पेशाने शिक्षक. पण आमच्या आजोबांच्या हातचा उद्योग आज या परिसरात कोठेही उरलेला नाही, आणि उरू नये असेच आमचे मत आहे. आजोबा रायफलीची काडतुसे हाताने भरीत असत. घरात आम्ही सर्व त्यांना 'दादा' म्हणत असू. तेव्हा आजही दादाच म्हणतो.

आमचे घराणे शिकलगारांचे. तलवारीला धार लावणे हा मूळ धंदा. तलवारी गेल्या, तेव्हा आमच्या लोकांनी विळे-सुऱ्यांना धार लावली, कुलुपे दुरुस्त केली, भांड्यांना कल्हई केली. दादा हे सारे करीत आणि शिवाय बंदुका साफ करीत. त्या काळी आजरा, चंदगड आणि गडहिंग्लज भागांतल्या पुष्कळ शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असे. रानडुकरे एका रात्रीत भुईमुगाचे शेत उलथून टाकीत. घाटाकडच्या बाजूला सांबर आणि भेकरही पिकात उतरत.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे मुलांसाठी थोडक्यात सांगतो. तिला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग बोळा, मग शिसे, आणि गजाने हे सर्व ठासायचे. मागे एका नळीवर तांब्याची लहानशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला पेटतो आणि त्याची ठिणगी दारूपर्यंत जाते. दर बाराला हा सारा खटाटोप पुन्हा करावयाचा. जिम कॉर्बेट यांची लहानपणची पहिली बंदूक अशीच ठासणीची दुनळी होती. तिची उजवी नळी फाटलेली होती. कोणी तरी पूर्वी दारू जास्त घातली असावी, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दारू भरणाराची चूक अशी नळीवर लिहिली जाते. नशीब चांगले असेल तर नळीवरच. नाही तर अंगावर.

सैन्यात हा खटाटोप कमी करण्यासाठी दारू आणि गोळी एका कागदी पुडीत बांधून देत. तेच पहिले काडतूस. शिपायाने ती पुडी दातांनी फोडायची. पुडीला लावलेल्या चरबीवरून 1857 साली काय घडले, ते आपण शाळेत शिकलो आहोत. आपल्या जवळचीच गोष्ट सांगायची तर त्या वर्षी 31 जुलैच्या रात्री कोल्हापुरात 27 व्या पलटणीने उठाव केला. तेव्हा काडतूस कोणी भरले आणि त्यात काय घातले, हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. दादा शिशाला मेण आणि एरंडेल लावीत. चरबी कधीच वापरीत नसत. विचारले तर म्हणत, "काडतूस कोणाच्या हातात जाईल, ते आपल्याला ठाऊक नसते. कोणाच्याही हातात गेले तरी त्याला शिवता आले पाहिजे."

पुढे कागद गेला आणि पितळ आले. दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही एका पितळी नळकांड्यात बसू लागली. आपल्या देशात खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 साली निघाला, तो या पितळी काडतुसांच्या युगारंभीचाच. या पितळाची खुबी अशी, की बार उडाल्यावर ते जळून जात नाही. दारू जळते, शिसे निघून जाते, टोपी निकामी होते. पितळ मात्र हातात परत येते. नवी टोपी, नवी दारू आणि नवे शिसे घातले की तेच काडतूस पुन्हा उभे राहते. दादांचा उद्योग एवढ्यावर उभा होता.

आजऱ्याच्या पलीकडे एक मोठे जमीनदार होते. त्यांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन विंचेस्टर रायफल होती. बेळगावच्या छावणीतला कोणी गोरा अधिकारी विलायतेस परतताना ती त्यांच्या वडिलांना विकून गेला होता. तिच्या चापाभोवती कडीसारखा एक दांडा असतो. हा दांडा खाली ओढला की रिकामे पितळ बाहेर पडते, वर दाबला की नवे काडतूस नळीत जाते. जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराच्या आराखड्यावरून विंचेस्टर कंपनीने 1894 साली हे हत्यार काढले. ते सत्तर लाखांहून अधिक खपले आणि अमेरिकेत हरणाची रायफल म्हणजे तीच, असे समीकरण होऊन बसले. आपल्या देशात इंग्रज सरकारने 303 हे लष्करी माप सामान्य माणसास मना केले होते. सैन्याची काडतुसे बाहेर फुटू नयेत, हा हेतू. या रायफलीचे माप वेगळे, म्हणून तिला परवाना मिळे.

तिच्या काडतुसाला 'थर्टी-थर्टी' म्हणत. पहिले तीस म्हणजे गोळीची जाडी, एका इंचाचे शंभरातले तीस भाग. दुसरे तीस म्हणजे आरंभी त्यात घातलेल्या बिनधुराच्या दारूचे वजन, 30 ग्रेन. ही बिनधुराची दारू 1884 साली फ्रान्समध्ये पॉल विये यांनी शोधली. आता 30 ग्रेन म्हणजे किती? इंग्रजी अमलातला तोळा 180 ग्रेनांचा. तोळ्याचे मासे 12 आणि माशाच्या गुंजा 8. म्हणजे 30 ग्रेन बरोबर 2 मासे, 16 गुंजा. सोनाराच्या हिशेबात एवढ्या सोन्याची नाकातली चमकीही मोठी म्हणावी लागेल! पण मुलांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तो आकडा नावापुरताच राहिला. प्रत्येक जातीच्या दारूचा जोर वेगळा, म्हणून प्रत्येकीचे माप वेगळे. एकीचे माप दुसरीला लावले, तर रायफल भरणाराच्या तोंडावर फुटते. जमीनदारांकडे एक छापील इंग्रजी तक्ता होता. दादांना इंग्रजी येत नव्हते. पण त्या तक्त्यातल्या एका ओळीतले आकडे त्यांनी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतले होते आणि त्या ओळीबाहेर ते जन्मात कधी गेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले. अमेरिकन काडतुसे मिळेनाशी झाली आणि मिळाली तर परवडेनाशी. जमीनदारांनी जवळची पितळे, टोप्या आणि दारूचे डबे दादांपुढे ठेवले. परवाना त्यांचा, हत्यार त्यांचे, सामानही त्यांचे. दादांचे फक्त हात. 1949 पासून सुमारे वीस वर्षे हे काम चालले.

काम कसे चाले, ते आमच्या वडिलांनी पाहिले होते आणि दादांनीही पुढे सांगितले. प्रथम प्रत्येक पितळ उजेडात धरून बघायचे. या रायफलीचा अडसर मागच्या बाजूला असल्याने बाराच्या वेळी पितळ जरासे ताणते. पुष्कळदा वापरले की बुडाच्या वर एक चकाकती रेघ उमटते. रेघ दिसली की ते पितळ मोडीत. मग आतून बारीक टोच्याने जुनी टोपी पाडायची. इथे एक मौज आहे. अमेरिकन पितळाच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते, म्हणून टोपी सहज निघते. ही रीत कर्नल बॉक्सर या इंग्रजाची. युरोपातल्या पितळाला दोन बारीक छिद्रे असतात, तिथे टोच्या चालत नाही. ती रीत बर्डन या अमेरिकनाची. म्हणजे इंग्रजाची युक्ती अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपाने!

टोपी निघाली की पितळ साबणाच्या कढत पाण्यात धुवायचे. जुन्या टोप्यांच्या मसाल्यातून एक क्षार उरे, तो ओल ओढून घेई. घाटातल्या पावसात तर नळीला आणि पितळाला दोन दिवसांत कीड लागे. वाळल्यावर पितळ साच्यात दाबून मूळ मापावर आणायचे. बाराने फुगलेले पितळ या रायफलीत तसेच घातले तर दांड्याला ते आत ढकलण्याइतका जोर नसतो, ते अर्ध्यात अडकते. पुढे गोळ्या ओतायच्या. नुसते शिसे वेगाने नळीत घासून चिकटते, म्हणून त्यात थोडे कथील घालीत. कल्हईवाल्याच्या घरात कथलाची काय वाण? गोळीचे नाक मात्र चपटे ठेवायचे. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकली आणि धक्का बसला, तर रायफलीच्या पोटातच बार होईल.

शेवटी दारू. दादांचा तराजू सोनाराचा होता, पण वजने एका डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यातली पितळी. औषधाचा ग्रेन आणि दारूचा ग्रेन एकच. खरी गुंज ते वापरीत नसत, म्हणत, "झाडाच्या दोन बिया सारख्या नसतात." दारू घालायची, गोळी बसवायची आणि पितळाची कड गोळीवर आवळायची, म्हणजे नळकांड्यातल्या स्प्रिंगच्या रेट्याने ती मागे सरकत नाही. काम चालू असताना घरात विडी नाही, चूल नाही आणि बोलणे नाही.

आता 1958 सालची हकिकत सांगतो. सुगीचे दिवस होते. जमीनदारांच्या उसात डुकरांनी धुमाकूळ घातला होता आणि पाहुणे घेऊन ते दुसऱ्या दिवशी रानात जाणार होते. चाळीस काडतुसे हवी होती. दादा सायंकाळपासून बसले होते. निम्म्याहून अधिक काम झाले असताना दारात शेजारीण आली आणि म्हणाली, "मुलगा झाला!" तो मुलगा म्हणजे आमचे वडील. दादा उठले, आत गेले, बाळाच्या कानात अजान दिली, दोन घटका तिथेच रमले. परत येऊन पाहतात तो हातातले माप अर्धे, आणि शेवटचे कोणते पितळ भरले, कोणते भरावयाचे राहिले, ते आठवेना. मग त्यांनी ती पितळे तशीच पुरी करून टाकली. आनंदाच्या भरात गोळ्या बसवल्या आणि चाळीसची थप्पी लावली.

रात्री झोप येईना. दारू कमी पडलेले काडतूस जास्त पडलेल्याइतकेच वाईट. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन मध्येच बसते. आवाज लहान होतो. घाईतला शिकारी समजतो की बार फुकट गेला. दांडा ओढतो आणि दुसरे काडतूस घालतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फाटते. झटपट बार करण्याची जी या रायफलीची थोरवी, तीच अशा वेळी वैरी होते. दादांनी उठून तराजू काढला. पण पितळापितळात आणि शिशाशिशात दोन-चार ग्रेनांचा फरक असतोच. साफ रिकामे काडतूस तराजूने ओळखता येईल, थोडे कमी भरलेले येणार नाही.

पहाटेपर्यंत त्यांनी चाळीसही काडतुसे उघडली. गोळ्या ओढताना निम्म्या वाकड्या झाल्या. सकाळी जमीनदारांचा माणूस आला, तेव्हा दादा त्याच्याबरोबर रिकाम्या हातांनी वाड्यावर गेले.

जमीनदार म्हणाले, "मिस्त्री, पाहुणे आले आहेत. काडतुसे कोठे आहेत?"

"सरकार, एका काडतुसाचा भरवसा नव्हता. कोणत्या, ते कळेना. म्हणून चाळीसही मोडली."

"चाळीसात एक! तेवढ्यासाठी माझी शोभा केलीत?"

"सरकार, चाप तुम्ही ओढणार होता."

शिकार त्या दिवशी झाली नाही. दादांना मजुरी मिळाली नाही, वर नासलेल्या शिशाचे पैसे भरावे लागले. डुकरांनी आणखी दोन वाफे फस्त केले, त्याचाही बोल दादांवर आला. पण महिन्याभराने त्याच जमीनदारांनी पुन्हा त्यांच्याकडेच पितळे पाठवली.

ही हकिकत आमच्या घरात अभिमानाने सांगत असत. आम्हीही आज इथेच थांबलो असतो, तर आपण टाळ्या दिल्या असत्या. परंतु घराण्याचा इतिहास सांगायचा तर दुसरे पानही वाचले पाहिजे.

जमीनदार थकले, रायफल त्यांनी सरकारजमा केली. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने उरलीसुरली शिकारही बंद झाली. दादांनी कधीच काम आवरले होते. उरलेली दारू त्यांनी जमीनदारांना मोजून परत केली, पितळेही परत केली. हत्यारे आणि साचे एका लाकडी पेटीत घालून माळ्यावर ठेवले. मात्र पेटीच्या तळाशी टोप्यांची एक पत्र्याची डबी राहून गेली. दारूचे त्यांना भय होते, म्हणून दारूचा हिशेब गुंजेपर्यंत झाला. टोपी मसुराच्या दाण्याएवढी, म्हणून तिचा हिशेब राहिला.

1990 सालच्या मे महिन्याची सुटी होती. आम्ही दहा वर्षांचे आणि आमचा धाकटा भाऊ सात वर्षांचा. आंब्याची अढी बघायला आम्ही माळ्यावर चढलो आणि पेटी उघडली. पेटीला कुलूप नव्हते. कुलुपे दुरुस्त करणाऱ्याच्या घरातल्या पेटीला कुलूप नव्हते! डबीतल्या चकचकीत टोप्या आम्हांला दिवाळीच्या टिकल्यांसारख्या वाटल्या. परसात दगडावर एक ठेवली आणि दुसऱ्या दगडाने ठेचली. पहिली वाजली नाही. जुनी असेल, असे वाटले. दुसरीला भाऊ वाकून बघत होता.

टोपीचा पत्रा फाटून त्याची एक कपची भावाच्या डाव्या डोळ्यात गेली. त्याच दिवशी त्याला मिरजेस नेले. डॉक्टरांनी शर्थ केली. डोळा राहिला, दृष्टी राहिली नाही.

दगड आमच्या हातात होता, ही गोष्ट आम्ही कधी नाकारली नाही. वडिलांनी आम्हांला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. दादा तर तीन दिवस कोणाशीही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हांला जवळ बोलावले आणि म्हणाले, "बेटा, दगड तुझा होता, पण डबी माझी होती. चाळीस काडतुसे मोडली तेव्हा मला वाटले, मी फार जपणारा माणूस. जे मोठे दिसते ते मी जपले." मग ते पेटी घेऊन पोलीस ठाण्यात गेले, होती ती सर्व हकिकत सांगितली आणि सारे जमा करून आले. घरी ठेवला तो एक तराजू. तो आज आमच्या शाळेत आहे. आठवीच्या मुलांना वजनमापे शिकवताना आम्ही तो काढतो.

आमचा भाऊ या सभेत बसला आहे. त्याच्या परवानगीनेच आम्ही हे बोललो. "सांग," तो म्हणाला, "पण माझी कीव येईल असे सांगू नकोस. लोक घरी जाऊन माळे बघतील असे सांग."

म्हणून आता आमची विनंती. आपल्या भागात जुने वाडे पुष्कळ आहेत. कोणाच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, कोणाचे मामा शिकारी होते, कोणाचे काका सैन्यात होते. माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे, जुन्या ट्रंकेत एखादी टोप्यांची डबी, दोन-चार काडतुसे, दारूची पुडी निघू शकते. ती जुनी झाली म्हणून मेली असे समजू नका. पहिली वाजत नाही, दुसरी वाजते. ती ठोकू नका, उघडू नका, चुलीत किंवा नदीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. मुलांना दूर करा आणि ठाण्यात कळवा. परवान्याशिवाय असे सामान बाळगणे आणि काडतूस तयार करणे 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा लपवून ठेवण्यात दुहेरी धोका आहे. आपण होऊन कळवणाऱ्याने बिचकू नये. हवे तर गावातला एखादा वकील बरोबर घ्यावा. आम्ही स्वतःही यायला तयार आहोत.

या संस्थेने पन्नास वर्षे लोकांचा पैसा सांभाळला. विश्वस्तांना आम्ही काय शिकवावे? पण दादांच्या उद्योगातून आम्ही जे शिकलो, ते येथेही लागू पडेल असे वाटते. दुसऱ्याच्या भरवशाची वस्तू आपल्या हातून जाते, तेव्हा ती अमानत असते. एकाविषयी शंका आली तर चाळीसही उघडावीत. त्यात शोभा जाते, मजुरी जाते, पण कोणाचा हात जात नाही. आणि हिशेब मिटवताना तळाची लहान डबीही मोजावी.